क्रिमझनचं मूळ

धानोरा, ७ जुलै १९८५
आजपासून राग बंद. तेवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, आता नाव करायचं. 'इंग्रजी रंगशब्दांचे मराठी मूळ' हा माझा निबंध, त्यात रंगाचे शब्द एकसष्ट. पिंक म्हणजे पानाची पिंक. मरून म्हणजे माणूस मरून पडल्यावर चेहऱ्याला येतो तो रंग. ४ ऑगस्टला गडचिरोलीला शिक्षकांच्या सभेत वाचणार. बायकोला ऐकवलं. मनकर्णा म्हणाली, मेलेला मानूस पांढरा पडते जी. जेवण अर्धं टाकून उठलो. राग उद्यापासून बंद.

९ जुलै
शाळेत इंग्रजीला नवा मास्तर आलाय, खुशाल मेश्राम. वय सव्वीस. नागपूरहून विटेएवढी डिक्शनरी घेऊन आला. त्याला पिंक समजावून सांगितला. अगदी नम्रपणे म्हणाला, सर, पिंक नावाचं फूल असते, त्याच्यावरून रंगाचं नाव पडलं. आणि मरून हा फ्रेंच शब्द, चेस्टनट नावाच्या तपकिरी फळावरून. मी विचारलं, धानोऱ्यात चेस्टनट कोणी पाहिला? त्यानं डिक्शनरी मिटली. जिंकलो.

१५ जुलै
क्रिमझन अडला होता, सुटला. कृष्ण-सण, क्रिमझन. कृष्ण सावळा आणि रंग लाल, पण सण म्हटल्यावर गुलाल आलाच.
बायनाबाई आली होती. जंगलातून लाख गोळा करून बाजारात विकते. तिनं काडीवरची लाख पाण्यात चोळून मनकर्णाला लाल रंग काढून दाखवला. मी म्हटलं, हाच क्रिमझन, कृष्णाचा. ती म्हणाली, किड्याचा हाय गुरुजी. किडे पळसाले चिकटतेत, मंग हे लाल निघते. भयंकर चिडलो. म्हटलं, अभ्यासात किडे आणू नका. ती हसत हसत चहा प्याली. रंगाला कोणी किड्याचं नाव देईल काय?

२६ जुलै
खुशाल डिक्शनरी घेऊन घरी आला. म्हणे, सर, वाचायच्या आधी क्रिमझन एकदा पाहून घ्या, तुमच्याच कामाचा आहे. मी उघडलीसुद्धा नाही. काल आलेल्या पोरानं मला मदत करायची? मनकर्णानं त्याला पोहे दिले. तिच्याशी अबोला.

४ ऑगस्ट, परतीची एस.टी.
निबंध वाचला. पिंकला सगळे हसले, म्हणजे पटलं. मग अध्यक्षांनी विचारलं, यातला एक तरी शब्द डिक्शनरीत दाखवता येईल का? मी यादी चाळत राहिलो. मागून खुशाल उठला. म्हणाला, क्रिमझन दाखवता येईल. संस्कृतात कृमिज, म्हणजे किड्यापासून झालेला. अरबांनी किर्मिज केला, तिथून युरोपात गेला. सरांचा हा शब्द बरोबर आहे.
टाळ्या पडल्या. माझ्यासाठी पडल्या असाव्यात. पण किडा ऐकून माझं डोकं फिरलं. माईक हातात होता. म्हटलं, साफ खोटं आहे, तो कृष्ण आहे.
त्यानंतर चहापर्यंत सभा हसत होती. खुशाल हसला नाही. त्याचाच जास्त राग आला. एस.टी.त त्यानं शेजारी जागा धरली होती. मी उभा आहे.

६ ऑगस्ट
मुख्याध्यापकांनी बोलावलं. नववी-दहावीचं इंग्रजी आता खुशालकडे. मला पाचवी ते सातवीची चित्रकला. म्हणाले, गुरुजी, रंगाचा तुमचा अभ्यास दांडगा हाये. रागानं राजीनामा लिहिला. स्पेलिंग दोनदा चुकलं, फाडला. खुशाल येऊन म्हणाला, सर, मी मागितलं नाई. खरं बोलत होता. दार लावून घेतलं.
चित्रकलेतही नाव करता येतं.

१२ ऑगस्ट
सहावीचा पहिला तास. फळ्यावर आंबा काढला. म्हटलं, पाहून काढा, मनानं रंग द्या. सत्तावीस वह्या आल्या, सगळ्यांत जांभळा रंग. ओरडलो. पहिल्या बाकावरच्या चंदाला विचारलं, जांभळा काऊन?
ती म्हणाली, गुरुजी, आमच्या वाडीतलं वांगं असंच असते.