दोरीचे दोन वेढे

शिनोली, चैत्र शुद्ध षष्ठी, सायंकाळ

मुलगा सुधीर काल मित्रांबरोबर मालवणला गेला आणि आज पहाटे गळाने मोठा कुपा मासा धरण्यासाठी बोटीतून खोल समुद्रात निघाला. ही हौस त्याला मीच लावली. डिंभे धरणाच्या काठावर शिकवले होते की, मासा जवळ आला म्हणजे दोरीचे दोन वेढे तळहाताभोवती घ्यावेत. दोरी निसटत नाही.

दुपारी शेजारच्या किसनरावांना हे अभिमानाने सांगितले. त्यांनी उमेदीची दहा वर्षे मासेमारीच्या बोटीवर काढली आहेत. ते हसले नाहीत.

"गुरुजी, समुद्रात आसं करत्यात व्हय? त्यो मासा बोटं तोडील, न्हाईतर मानसालाच वढून नेईल."

दोन वेढे. तेव्हापासून फोन लावतो आहे, लागत नाही. बोट चार वाजता परतणार होती. पाच वाजले, सहा वाजले. सूनबाईंना सांगावे काय? आणि सांगणार तरी काय? धरणातला नियम समुद्रालाही लागू पडतो असे मी गृहीत धरले, हे? चाळीस वर्षे शिकवले; 'माझे चुकले' असे एकदाही म्हटले नाही. ते दोन वेढे!

सव्वासहाला त्याचा फोन आला.

"अण्णा, रागवू नका. मासा सुटला. लई मोठा व्हता. भ्यालो, वेढे घेतलेच न्हाईत."

"हात कसे आहेत?"

"हात? बरे हायेत की."

"ते वेढे पुन्हा कधीही घेऊ नकोस. मी चुकीचे शिकवले होते."

मग त्याने हळूच विचारले, "अण्णा, तब्येत बरी हाय ना तुमची?"