पुलावरचं कुंकू

७ ऑक्टोबर, मंगळवार

मला लिहायची सवय नाही. पण आज सेफ्टी इन्स्पेक्टरने आमचा उचलपूल बंद केला, आणि तो माझ्यामुळे. शनिवारी त्याला उत्तर द्यायचं आहे, तेव्हा घडलं ते क्रमाने डोक्यात हवं.

गेल्या बुधवारी खंडेनवमी. दरवर्षीसारखी टॉवरवर चढले आणि मोठ्या कप्पीच्या ब्रॅकेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली. जे यंत्र अख्खा रस्ता सरळ वर उचलून खालून जहाजं सोडतं, त्याची पूजा नको? इन्स्पेक्टरला तो गंज वाटला.

रविवारी वाफेची जुनी बोट कालव्यातून येतेय. पूल उचलला नाही, तर कौन्सिल तो कायमचा खाली ठेवणार. त्यांना निमित्तच हवंय.

८ ऑक्टोबर

रघुवीर, माझा नवरा, म्हणतो, "गुपचूप पुसून ये. नवरा भूलतज्ज्ञ आहे तुझा, कुणाला काही कळणार नाही." स्वतःच हसला.

ग्रॅहमचा फोन – पूल चालवणाऱ्या आम्हा व्हॉलंटियर्सचा म्होरक्या. "जुना पेंट म्हणून सांगतो, लव्ह." (इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.) म्हटलं, मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो, तेव्हाही कुणाच्या आड लपले नाही. "तुझ्यापेक्षा पूल लवकर हलतो," म्हणाला.

९ ऑक्टोबर

इन्स्पेक्टरला मीच फोन केला. कुंकू आहे, मी लावलं.

त्याने स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. मग, "खायचं असतं का ते?"

"कपाळाला लावायचं असतं."

पुसून फोटो पाठवा, रविवारी खुशाल उचला, म्हणाला. झालं! सरळ बोललं की कामं होतात.

१० ऑक्टोबर

ग्रॅहमबरोबर वर गेले. टॉवरच्या किल्ल्या आम्हा दोघांकडेच; त्यांशिवाय पूल हलत नाही. स्पिरिटने पुसलं. सगळं निघालं, एक लाल रेघ राहिली. केसाएवढी. पुन्हा पुसलं, जाईना. तेलाबरोबर कुंकू आत उतरलं होतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये लोखंडाला लाल रंग लावून, पुसून, डोळ्यांना न दिसणारा तडा असाच शोधायचो: रंग फक्त तड्यात उरतो.

ग्रॅहमलाही कळलं. नजर चुकवून म्हणाला, "एकदाच उचलू, लव्ह. रविवारपुरता."

"खाली बोटीत माणसं असतील, ग्रॅहम."

उतरण्याआधी मी रेघेचा फोटो काढला.

११ ऑक्टोबर

इन्स्पेक्टरच्या हाती दिलं: तड्याचा फोटो. टॉवरची किल्ली, माझी. ग्रॅहमचीही – त्याने ती माझ्याकडे देऊन पाठवली.