वाटाण्यावरचं ताक

७ जानेवारी १९५५
वाटाण्यावर भुरी आली. विहिरीकडच्या वाफ्यात खालची पानं पीठ सांडल्यासारखी पांढरी. बोटानं पुसली तर जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.
सगळे हरभराच म्हणत होते. मी हट्ट धरला — भोरला माहेरी आम्ही वाटाणा करायचो. या घरात माझं ऐकलं ते पहिल्यांदाच. सासूबाई पान हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, "फुडल्या साली हरभराच." यापुढे मला कोण विचारणार?

८ जानेवारी
शेजारच्या अंबूमावशी ताकाला आल्या. रोज येतात गाडगं घेऊन. एकट्या, तोंडात दात नाही. ताकात भाकरी कुस्करून खातात, तेच त्यांचं जेवण. त्यांना पान दाखवलं.
"आंबट ताक घाल बाय. दोन दिस आंबू दे, पानी मिसळ, आन् दव सुकलं की निरगुडीच्या डहाळीनं शिंपड. चांगल्या येलांवर आधी. रोगाची पानं खुडून जाळ. लई दाटी झालीया, वारं खेळू दे."

१० जानेवारी
दिवसभर पानं खुडली. वाफा भादरल्यासारखा दिसतो. संध्याकाळचं पाणी बंद, आता सकाळी देते. ताक मात्र पुरत नाही. म्हैस एक, आणि खाणारी तोंडं घरभर.

१२ जानेवारी
आज वाईट वागले.
ताक बादलीत ओतत होते आणि अंबूमावशी दारात. गाडगं पदराखाली. ताकाला येऊन गाडगं लपवायची ही कुठली नवी रीत, असं मनात आलं. त्या तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "म्हैस आटली मावशी. ताक नाही." माझे हात कोपरापर्यंत ताकानं माखलेले! त्यांनी हाताकडे पाहिलं. "बरं बाय," म्हणाल्या आणि गेल्या.

१३ जानेवारी
भोगी. मावशी आल्या नाहीत. रागावल्या असतील तर रागावू देत.

१४ जानेवारी
काल तसं लिहिलं खरं, पण चुकलं माझंच. दुभत्या म्हशीला आटली म्हणाले, तेही सणाच्या तोंडावर. तिळगूळ घेऊन गेले तर मावशींच्या दाराला कडी.

१९ जानेवारी
भुरी थांबली. नवे शेंडे हिरवेगार, शेंगा भरताहेत. हे बांधावर बसून शेंगा खात म्हणाले, "फुडल्या साली वरच्या तुकड्यातबी वाटानाच टाकू." सासूबाईंनी मान हलवली. याच दिवसाची वाट पाहत होते ना मी? मग आनंद का होत नाही?

२१ जानेवारी
ओटीभर शेंगा आणि तांब्याभर ताक घेऊन गेले. मावशी पाण्यात भाकरी कुस्करत होत्या. कोपऱ्यात त्यांचं गाडगं, काठोकाठ भरलेलं, वर बुरशी चढलेली.
"हे काय मावशी?"
"माज्या वाटनीचं ताक. तुज्या वाटान्यासाठी दोन दिस आंबवलं व्हतं."
"मग खायचं तरी..."
"येलाच्या नावानं ठिवलेलं, त्याला तोंड कसं लावू? त्या दिशी पदराखाली घिऊन आले व्हते. द्यायचं ऱ्हाऊनच गेलं बघ."