आईच्या वजनाची रेषा

भिंगरी,

आईला दवाखान्यात नेतोय, गाडी खाली आलीय. तुला तिनेच उठवू दिलं नाही. दूध तापवून ठेवलंय.

फ्रीजवरच्या आलेखावर काल तू तिच्या वजनाच्या ठिपक्यांतून रेषा ओढलीस, चढ काढलास. आठ आठवड्यांत चार किलो खाली, म्हणजे उणे अर्धा; y = ४८ − ½x. "हळूहळू उतरतंय बाबा, परीक्षा झाली की निवांत बसेन तिच्याजवळ," म्हणालीस.

बाळा, तुझं गणित बरोबर आहे, ठिपके खोटे आहेत. दर रविवारी काटा मी वाचायचो. एक किलो उतरलं की तुला अर्धाच सांगायचो. काट्यावरून उतरताना आई हसायची, "पोरीचे पेपर होईस्तोवर थोडं वजन उसनं द्या हो मला." ती हलकी होत गेली, माझी जीभ जड होत गेली.

खरी रेषा शेजारी पेन्सिलीने ओढलीय; y = ४८ − x. दोन्ही रेषा ४८ लाच सुरू होतात. तेवढ्या एका रविवारी मी खोटं बोललो नव्हतो.

रागाव, पण तिथे येऊन रागाव. आज उजळणी नको. उठलीस की तशीच ये.

बाबा