सरिताच्या नावाने केलेली चौकशी

रविवार, ८ जानेवारी २०२३
सकाळी ७.१०

नवीन वही. कालची नोंद आवश्यक.

लाखांदूरचे पाहुणे आमच्या रुचिताला पाहून गेले. मुलगा अश्वजित, तहसील ऑफिसात क्लार्क. वडील हिरामणजी, एसटीतून रिटायर कंडक्टर. पोहे खाल्ले, चहा घेतला, हसले. मुलगाही हसला. जरा जास्तच हसला.

तिची आई मंगला म्हणते, पोरगं चांगलं हाये, तुमाले आणखी काय पायजे? रुचिताने पाहुणे गेल्यावर गुणगुणत कपबशा धुतल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे पसंत आहे.

मी "विचार करून कळवतो" म्हणालो. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या गेटवर एकतीस वर्षं दरबान होतो. जो हसत हसत यायचा त्याचा डबा मी आधी उघडायचो.

पूर्वी सोयरिकीची चौकशी सोपी होती. त्या गावात जायचं, पानठेल्यावर उभं राहायचं, दहा मिनिटांत सात पिढ्या बाहेर. आता पानठेल्यावर सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून उभे. म्हणजे चौकशीही मोबाईलमध्येच.

संकल्प: पंधरा दिवसांत मुलाचं चारित्र्य तपासणे. घरात कुणालाही न सांगता.

सोमवार, ९ जानेवारी

फेसबुकवर अश्वजित सापडला. एकूण अकरा फोटो. शेवटचा २०१९ चा. त्यानंतर एकही नाही. चार वर्षं हा माणूस होता कुठे?

रुचिताला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणे, बाबा, फेसबुकवर आता फक्त म्हातारे उरले, आमी सारे इन्स्टावर. ही दिशाभूल असू शकते.

मंगळवार, १० जानेवारी
दुपारी २.३०, मंगला झोपली असताना

खातं उघडलं. नाव सरिता. वय चोवीस. गाव आमचंच, पवनी. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. माझं नाव गुलाब, त्यामुळे विसरायची भीती नाही.

अश्वजितच्या अकराही फोटोंना लाईक दिले. मग फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली. योजना अशी: त्याने रिक्वेस्ट घेतली तर पोरींच्या मागे लागणारा. नाही घेतली तर लपवण्यासारखं काहीतरी आहे. दोन्हीकडून सापडतो. गेटवर असताना साहेब म्हणायचे, गुलाब, तू सीआयडीत पाहिजे होता. उगाच नव्हते म्हणत.

बुधवार, ११ जानेवारी
पहाटे ५.२०

अश्वजितने रिक्वेस्ट घेतली नाही. संशय वाढला.

पण ते लाईक पाहून दुसराच मासा लागला. "अतुल, लाखांदूर". फोटोच्या जागी उगवता सूर्य. ५.०५ ला मेसेज: "शुभ प्रभात. आपण अश्वजितला कशा ओळखता?" पहाटे पाचला उठणारा तरुण मी आजपर्यंत पाहिला नाही. नोंद घेतली.

सरितातर्फे लिहिलं: "असंच. तो कसा मुलगा आहे?" उत्तर आलं: "आपल्याला त्याच्याशी काय करायचं आहे?" चलाख आहे. मित्राला सांभाळतो.

गुरुवार, १२ जानेवारी

धक्कादायक. आज अतुल विचारतो, पवनीची रुचिता ओळखीची आहे का? स्वभाव कसा? कुणाशी काही होतं का?

लाखांदूरच्या या टपोरीला माझ्या मुलीशी काय करायचं आहे? उघड आहे. तिच्यावर डोळा आहे. सोयरीक व्हायच्या आत हा मध्ये आला तर पोरीचं नाव गावभर होईल.

मंगलाला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

शनिवार, १४ जानेवारी

उपाय सापडला. काट्याने काटा. अतुलला रुचिता इतकी वाईट सांगायची की त्याने पवनीकडे पायच ठेवू नये.

सरितातर्फे सविस्तर लिहिलं: रुचिता माझी मैत्रीण आहे म्हणून सांगते. नऊपर्यंत झोपते. भाजीत मीठ टाकायचं की साखर, हे तिला माहीत नाही. राग आला की वस्तू फेकते, मागच्या महिन्यात कुकर फेकला. आणि वडील फार कडक, फॅक्टरीत होते, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

शेवटचं वाक्य खरं आहे. रुचिता लॅबमध्ये आहे, रक्ताचे नमुने घ्यायला सकाळी सहालाच निघते. पण पोरीच्या भल्यासाठी बापाला थोडं इकडचं तिकडे करावं लागतं.

अतुलचं उत्तर फक्त: "कुकर?" घाबरला.

रविवार, १५ जानेवारी

अतुल स्वतःहून बोलला. म्हणे, आपण अश्वजितचा नाद सोडा, मी आपल्या भल्यासाठी सांगतो. दिवसाला तंबाखूचे पाच खर्रे खातो. ऑफिसात कुणाशी पटत नाही. आईवर आवाज चढवतो. जेवताना ताट सरकवून उठतो.

पाच खर्रे! आणि आमच्याकडे आला तेव्हा दात पांढरेशुभ्र. म्हणजे त्या दिवशी घासून आला होता. मी म्हणत नव्हतो, जास्त हसतो म्हणून?

पंधरा दिवसांचं काम सात दिवसांत.

मंगळवार, १७ जानेवारी

कबूल करतो, अतुलची सवय झाली आहे. पहाटे पाचला त्याचा मेसेज येतोच. आज कमळाचं फूल आणि खाली आरोग्य हीच संपत्ती. माझं पित्त वाढलं होतं, सरितातर्फे तसं लिहिलं. त्याने ओवा आणि कोमट पाणी सांगितलं. घेतलं. फरक पडला.

म्हणे त्याचे गुडघे दुखतात, बसमध्ये उभं राहून राहून. आजकालच्या पोरांत दम नाही. मी तेल सांगितलं.

रिटायर झाल्यापासून घरात माझं कुणी ऐकत नाही. अतुल ऐकतो. तरीही तो आपला संशयित आहे हे विसरता कामा नये.

रुचिता दोनदा विचारून गेली, लाखांदूरले काय कळवलं? मी म्हणालो, चालू आहे. तिने तोंड पाडलं.

गुरुवार, १९ जानेवारी

अतुलला तोंडावर पकडायचं ठरवलं. सरितातर्फे लिहिलं: भेटू या. शुक्रवारी अकरा वाजता, पवनी बसस्टँड. खूण म्हणून हातात पिवळा रुमाल ठेवा. लगेच "येतो" म्हणाला. आणि विचारतो, आपली खूण काय? लिहिलं, गुलाबी ओढणी.

शुक्रवार, २० जानेवारी
दुपारी १.००

पावणेअकराला पोचलो. रसवंतीच्या मागे उभा राहिलो. लाखांदूरची गाडी लागली. उतरले कोण? हिरामणजी! बाकावर बसले, खिशातून पिवळा रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

योगायोग पाहा. नेमके आजच, आणि रुमालही पिवळाच. लपून राहणं शक्य नव्हतं, त्यांनी मला पाहिलं. जयभीम झाला. म्हणे पाहुण्यांकडे आलो. मी म्हणालो बीपीच्या गोळ्या घ्यायला आलो. घरी चला म्हणालो, त्यांना घाई होती. चहा घेतला. दोघंही सारखे इकडे तिकडे पाहत होतो. ते बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पोरीकडे पाहत होते. या वयात! खानदानाचा अंदाज आला.

अतुल काही दिसला नाही.

संध्याकाळी ५.००

अतुलचा मेसेज: "आपण आला नाहीत." सरितातर्फे लिहिलं: "आले होते. पण तिथे एक संशयास्पद म्हातारा बसला होता." तो म्हणे: "होता खरा. त्याच्यामुळेच मलाही काही करता आलं नाही."

म्हणजे हिरामणजी अतुललाही खटकले. आता शंका उरली नाही.

रविवार, २२ जानेवारी
सकाळी ९.००

निर्णय झाला. सोयरीक मोडायची. फोन करतो.

९.१०. एंगेज.

९.२५. एंगेज. इतका वेळ कुणाशी बोलतो हा माणूस?

दुपारी १२.००

कसं लिहावं.

९.४० ला फोन लागला. म्हणजे त्यांचाच आला. म्हणे, अर्ध्या तासापासून लावून राहिलो, तुमचा एंगेज येते. मी म्हणालो, आम्हाला जमणार नाही. ते म्हणाले, मीच ते सांगायले फोन केला. पोरगी नऊ वाजेपर्यंत झोपून राह्यते म्हणे. कुकर फेकते म्हणे. माझं डोकं फिरलं. म्हणालो, तुमच्या पोराचे पाच खर्रे आधी मोजा. ते ओरडले, कोणी सांगतलं? मी म्हणालो, खात्रीलायक माणसाने. तुम्हाला कोणी सांगितलं? तेही म्हणाले, खात्रीलायक माणसाने.

फोन ठेवला. मागे रुचिता उभी. लॅबला सुट्टी होती हे लक्षातच नव्हतं. डोळे भरलेले, पण आवाज शांत. म्हणे, मी नऊ वाजेपर्यंत झोपतो असं त्याहिले कोणी सांगतलं? म्हणालो, तोच तर प्रश्न आहे. आणि पुराव्यासाठी अतुलचं संभाषण दाखवलं. तिथेच चुकलो.

तिने फोन हातात घेतला. पहिल्यापासून वाचलं. एकदाही वर पाहिलं नाही. मंगला कणकेचे हात घेऊन दारात उभी. कुकरपाशी येऊन रुचिता थांबली. म्हणे, बाबा, कोण्या अनोळखी माणसाले तुमी माह्याबद्दल असं लिहिलं?

मी समजावलं, तो तुझ्या मागे होता म्हणून. तिने माझ्याच फोनवर, सरिताच्या खात्यातून, अतुलला टाईप केलं: "मी रुचिता. हे खातं माझ्या बाबांचं आहे. तुम्ही कोण?"

टिंबं नाचली. मग आलं: "मी अश्वजित. आत्ताच फोन हिसकावला. हे पण बाबांचंच."

मंगला तिथेच खाली बसली आणि हसत सुटली. पीठ पदराला लागलं तरी हसत होती. रुचिता हसली नाही.

मी विचारलं, अतुलचे गुडघे?

सोमवार, २३ जानेवारी

विचार केला. माझी चूक इतकीच की समोरचा तितकाच हुशार निघाला. त्याने स्वतःच्या पोराला बदनाम केलं, सरिताने त्याचा नाद सोडावा म्हणून. मी माझ्या पोरीला केलं, अतुलने सोडावा म्हणून. पद्धत दोघांची बरोबर होती.

हे मंगलाला समजावून सांगितलं. ती म्हणे, जेवाले बसा, अन् तोंड बंद ठेवा.

मंगळवार, २४ जानेवारी

रुचिता बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. सकाळी साडेपाचला अंधारात स्वेटर घालताना पाहिलं तिला. हात बाहीत अडकला होता. थंडीत रोज अशीच निघते. आणि मी लिहिलं नऊ.

लाज वाटली. हे वहीत लिहायला हरकत नाही.

पहाटे पाचला फुलाचा मेसेज नव्हता. तरी फोन पाहिला.

गुरुवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो तर दारात मोटारसायकल. अश्वजित. एकटाच लाखांदूरहून आला होता. मला जयभीम केला. मी दातांकडे पाहिलं. पांढरे. खर्रा नाही. तरी खात्री म्हणून थोडं जवळ जाऊन वास घेतला. मंगलाने डोळे वटारले.

समोरच्या खोलीत तो आणि रुचिता पाऊण तास बोलले. मी तिकडे जाऊ लागलो तर मंगलाने माझ्या हातात लसणाची टोपली दिली. पाऊण तासात दीड पाव लसूण सोलला. आतून एकदा रुचिताचा मोठ्याने हसण्याचा आवाज आला. मग दोघं बाहेर आले. रुचिता आईला म्हणाली, आमचं ठरलं. अश्वजित माझ्याकडे वळून म्हणाला, काका, आमी एकमेकाले जे विचारायचं ते विचारलं. तुमाले काही राहिलं असल तर आता विचारा, समोर.

एकही प्रश्न आठवला नाही. पंधरा दिवस इतके लिहिले, पण त्याला समोर बसवून विचारण्यासारखा एकही नव्हता. म्हणालो, चहा घ्या.

शुक्रवार, २७ जानेवारी

सरिताचं खातं काढून टाकलं. रुचिताने शेजारी उभं राहून काढायला लावलं. फेसबुकने विचारलं, नक्की का? ती म्हणाली, हो म्हणा. अतुलही दुपारपर्यंत गेला. तिकडेही कुणीतरी शेजारी उभं असणार.

शनिवार, २८ जानेवारी

लग्न सात मे. हॉल भंडाऱ्यात. मला कळवण्यात आलं. विचारण्यात आलं नाही.

रविवार, २९ जानेवारी
सकाळी १०.३०

व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार झाला. नाव "रुचिता-अश्वजित मंगल परिणय". आम्ही सगळे त्यात. हिरामणजीही. ॲडमिन तीन: रुचिता, अश्वजित आणि मंगला. मंगला!

वाटलं, आज माफी मागावी. सरिताच्या नावाने इतकं लिहिलं, एकदा स्वतःच्या नावानेही लिहावं. अर्धा तास वाक्यं जुळवली. ग्रुप उघडला. खाली लिहायची जागाच नाही. तिथे लिहिलेलं: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.

मंगलाला दाखवलं. म्हणे, पोरगी सैपाकघरात हाये, चार पावलावर. जा अन् सांगा.

गेलो. ती वांगी चिरत होती. म्हणालो, बेटा, चुकलो. कुकरचं तर फारच चुकलो. ती चिरत राहिली. मग म्हणाली, बरं. आणि पुढे: ग्रुपवर टाकतो.

दुपारी १२.००

आला रुचिताचा मेसेज. "बाबांनी आज माफी मागितली." बस, एवढंच. लाखांदूरपासून नागपूरपर्यंत सगळ्यांसमोर. दहा मिनिटांत सेहेचाळीस अंगठे. पहिला हिरामणजींचा.

संध्याकाळी ६.००

यादी चार वेळा पाहिली. सगळे आहेत. साकोलीची आत्या आहे, लॅबमधल्या पोरी आहेत. रुचिताचा अंगठा नाही.

मंगला म्हणते, स्वतःच्याच मेसेजले कोणी अंगठा देते काय? तसंच असेल.