कपाटामागचा बार

रविवार संध्याकाळ, उमापूर

गावातलं दारूचं दुकान बंद करायला उद्या बायकांचं मतदान. आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. आज ओसरीवर आई जमलेल्या बायकांना सांगत होती, "माझी लेक पुण्यात ऱ्हाती, पण बार आतून कसा आसतो, तिला ठाव न्हाई."

आणि मी? गेल्याच महिन्यात मैत्रिणींसोबत पुस्तकांचं कपाट ढकलून मागच्या छुप्या बारमध्ये शिरले. सापडला म्हणून टाळ्या पिटल्या. दोन ग्लास प्यायले. पुस्तकांचं कपाट! कुणाला सुचलं असेल?

बायका गेल्यावर आईला सगळं सांगून टाकलं. खोटं बोलू नये, हे तिनेच शिकवलेलं. ती भाकरी थापतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मतदान व्हईस्तोर कुणाला सांगू नगंस."

त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.