बिनकुबड्यांचा फोटो

सोमवार, संध्याकाळ

भारती सुरगाण्याहून जीपने आली, कुबड्यांवर कॉलेजचे दोन जिने चढली आणि अपंग शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. फोटोत खुर्चीवर बसलेली, छान हसलेली. मी अर्ज परत केला. "फोटोत अपंगत्व दिसायला हवं. कुबड्या घेऊन काढ."

"मॅडम, मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या. पहिल्यांदाच बरा आलाय फोटो."

"नियम आहे!" एवढ्या तोऱ्यात का बोलले मी?

ती गेल्यावर फाईल उघडली. साधा फोटो चालतो, असं परिपत्रक कधीच आलंय. खाली 'वाचले' म्हणून सही माझीच. तो हसरा फोटो डोळ्यांपुढून हलेना. फोन लावला. ती द्वारका चौकाजवळच्या फोटो स्टुडिओत होती.

"काढला, मॅडम. दोन्ही कुबड्या दिसतायत. हसले नाहीये, चालेल ना?"